पियानोचा गंधार, पेटीचा गंधार: एका तक्रारीची पूर्ण हकीकत

तक्रार व्हॉट्सॲपवर आली, जुलैच्या मध्यावर. मोबाइलमधल्या ट्यूनर ॲपचे बरेच स्क्रीनशॉट होते, बहुतेकांवर काटा उजवीकडे लाल पट्ट्यात गेलेला. खाली मजकूर: "एप्रिलमध्ये तुम्ही पियानो लावून गेलात. आता गंधार चढा लागतोय. वरचं सप्तक तर सगळंच चढलंय. मधले एक-दोन स्वर थरथरतात आणि एकंदर आवाज टोचतो. येऊन पाहावं."

या एका निरोपात चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. पियानो लावण्याच्या आमच्या धंद्यात ग्राहक तुटतात ते बहुधा अशा निरोपांपायीच. ग्राहकाला जे ऐकू येतं ते जवळजवळ नेहमी खरं असतं, पण त्याचं कारण तो भलत्याच ठिकाणी शोधतो. ट्यूनरला ते कारण चुकीचं आहे हे लगेच कळतं, आणि तो ऐकलेलंही खोटं ठरवून मोकळा होतो. "पावसाळ्यात असं व्हायचंच" किंवा "ॲपवर काय विश्वास ठेवता" ही दोन उत्तरं आमच्याकडे तयार असतात. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्ही दिली की माणूस पुन्हा फोन करत नाही. या प्रकरणात तक्रार करणारा कान आयुष्यभर तंबोऱ्यात बसलेला होता, त्यामुळे प्रत्येक गोष्ट सुटी करून पाहावी लागली. म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

घर आणि वाद्य

पुण्यातलं घर. पियानो जपानी बनावटीचा, चार फूट उंचीचा अपराईट, तीसेक वर्षांचा, मुंबईहून जुना विकत आणलेला. तो आणला नातीसाठी. ती पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा देते. आजी शास्त्रीय गायन शिकवतात. त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही बाईच म्हणतो. शिकवणी त्याच दिवाणखान्यात चालते. पियानोपासून चार हातांवर दोन तंबोरे आणि एक पेटी. पेटी जुनी, चांगल्या सुरांची, बाईंनी जिवापाड जपलेली.

जाण्याआधी मी बाईंना तीन प्रश्न विचारले. गंधार म्हणजे नेमकी कुठली पट्टी? पियानो एकटा वाजतानाही तो खटकतो का? आणि एप्रिलमध्ये, मी लावून गेल्यावर लगेच, तो कसा वाटला होता?

उत्तर आलं: "माझी काळी चार. तिचा गंधार म्हणजे पांढरी एक. पियानो एकटा वाजला तर चालून जातं. पेटीवर सा धरून पियानोचा गंधार घेतला की टोचतो. एप्रिलमध्येही थोडा चढा वाटला होता, पण इतका नाही."

(आपल्याकडे सप्तकातल्या पट्ट्या रंगाने आणि क्रमाने ओळखतात. काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, ती बाईंचा सा; पांढरी एक म्हणजे पहिली पांढरी.) असं नेमकं उत्तर देणारे ग्राहक फार थोडे. पेटीशेजारी खटकतो, आधीपासून थोडा खटकत होता, आता जास्त खटकतो. म्हणजे इथे एक कारण कायमचं आहे आणि दुसरं नंतर येऊन त्यात मिसळलं आहे. दोन्ही एकाच दिशेने ढकलतायत.

आधी पावसाचं

गेल्यावर पहिलं काम मोजणीचं. मधल्या सप्तकातली पांढरी सहा, जिच्यावर सगळा पियानो लावतात, ती एप्रिलमध्ये ४४० हर्ट्झवर ठेवली होती. आता ती ४४२ वर होती, म्हणजे सुमारे ८ सेंट वर. (अर्धस्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट.) अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर मात्र फारसे हललेले नव्हते. मधला भाग फुगला होता.

याचं कारण तारांत नाही, लाकडात आहे. पियानोच्या मागे स्प्रूसच्या लाकडाचा मोठा पातळ पडदा असतो, साउंडबोर्ड. तो मुद्दाम किंचित बाक देऊन बसवलेला असतो. त्याच्यावर ब्रिज, म्हणजे तारा टेकतात तो लाकडी आधार, आणि ब्रिजवरून ताणलेल्या तारा. ८८ पट्ट्यांना मिळून सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकत्र ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, जुलैत ती ऐंशीच्या पुढे असते. साउंडबोर्ड दमट हवा शोषतो, फुगतो, त्याचा बाक वाढतो, ब्रिज तारांना वर रेटतो आणि ताण वाढून सूर चढतो. हा परिणाम मधल्या सप्तकांत सगळ्यात जास्त दिसतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तेच उलट होतं. शिवाय हा पियानो बाहेरच्या भिंतीला लागून होता, आणि ती भिंत पावसाच्या झडीची.

एका स्वराला मधल्या आणि वरच्या भागात तीन-तीन तारा असतात. तिघी अगदी एक सुरात असल्या तरच स्वर स्थिर उभा राहतो. बाई म्हणत होत्या त्या थरथरणाऱ्या दोन स्वरांपैकी एकात हेच झालं होतं. तीनपैकी एक तार बाकीच्या दोघींपासून जरा सरकली होती. रबरी पाचर घालून ती बंद केली की स्वर शांत, काढली की पुन्हा हेलकावे, म्हणजे जवळजवळच्या दोन सुरांमुळे आवाजाचं लाटेसारखं कमी-जास्त होणं. दुसरा "थरथरणारा" स्वर पियानोचा नव्हताच. झाकणावर काचेची फोटोफ्रेम टेकवून ठेवली होती. ती उचलली आणि थरथर गेली.

वरच्या सप्तकात अजून एक स्वर सापडला, जो तक्रारीत नव्हता. तिथे एकच तार उघडी ठेवली तरी ती आपल्या आपण डुलत होती. असं ब्रिजवरची पिन सैल झाल्याने होतं, किंवा तारेला गंज वा मुरड असल्याने. अशी तार कितीही फिरवली तरी स्वच्छ लागत नाही. हे बाईंना तेव्हाच ऐकवून सांगून टाकलं. आधी दाखवलेला दोष ग्राहक समजून घेतो. मागाहून सांगितला तर तोच दोष त्याला सबब वाटतो.

गंधार

आता मुख्य गोष्ट. बाईंनी पेटीवर काळी चार धरली, मी पियानोवर वरची पांढरी एक वाजवली. टोचतच होती. मीही ते नाकारू शकत नव्हतो.

मग मी बाईंची परवानगी घेऊन पेटी पुढे ओढली. काळी चारवरून पेटीचा स्वतःचा सा-ग वाजवला. अगदी शांत, एकही हेलकावा नाही. सा-प तसाच. सा-ध तसाच. मग त्याच पेटीवर पांढरी एक आणि पांढरी तीन एकत्र दाबल्या. त्या दोघी कडकडून भांडल्या.

"बाई, पेटीला गंधार ट्यूनिंग आहे ना? काळी चारचं?"

"अर्थात. मी पहिल्यापासून तसंच करून घेते."

आमचं अर्धं काम इथे झालं. पेटीवाले ज्याला गंधार ट्यूनिंग म्हणतात त्यात एक पट्टी सा म्हणून ठरवतात आणि बाकीचे स्वर त्या साशी शुद्ध नात्याने, हेलकावा पूर्ण मोडेपर्यंत, जुळवतात. त्यातला गंधार म्हणजे जवारी नीट असलेल्या तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार. तारेतून मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे वरचे बारीक स्वर म्हणजे उपस्वनं; षड्जाच्या तारेचं पाचवं उपस्वन हाच गंधार असतो. साची कंपनसंख्या ४ धरली तर याची ५. सेंटच्या हिशेबात हे अंतर ३८६ येतं.

पियानोचा गंधार ४०० सेंटवर असतो. प्रत्येक पियानोचा, कुठल्याही चांगल्या ट्यूनरने लावलेल्या. कारण पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीपासून सुरू केलं तरी सप्तक एकसारखंच वाजतं. त्याची किंमत म्हणून गंधार जवळजवळ १४ सेंटने चढा राहतो, धैवत १५-१६ सेंटने, निषाद १२ सेंटने. पंचम फक्त २ सेंट उतरा, तो कुणाला खटकत नाही. गायकांच्या तक्रारी नेहमी ग, ध आणि नीबद्दल असतात आणि सा-प-सा बद्दल कधीच नसतात, ते यामुळेच.

हे १४ सेंट म्हणजे अर्धस्वराचा सातवा हिस्सा. ज्याचा कान पियानोतच वाढला त्याला ते जाणवत नाहीत, त्याच्या लेखी तोच गंधार. तंबोऱ्यात वाढलेल्या कानाला मात्र तो कणसूर लागतो, आणि त्यात कानाची काहीही चूक नाही. आम्ही ट्यूनर तर हा चढेपणा मोजूनच काम करतो. मधल्या सप्तकाच्या खालची पांढरी चार आणि पांढरी सहा एकत्र वाजवल्या की सेकंदाला सुमारे सात हेलकावे यायला हवेत. ते आले तर पियानो बरोबर लागला. बाईंची पेटी लावणारा कारागीर जो हेलकावा मोडतो, तोच मी मोजून पियानोत ठेवतो.

आता एप्रिल आणि जुलै यांतला फरकही उलगडला. पितळी सुरांवर दमट हवेचा परिणाम नगण्य. पेटी जिथल्या तिथे राहिली, पियानोचा मधला भाग ८ सेंट वर गेला. एप्रिलमध्ये दोन गंधारांत १४ सेंटचं अंतर होतं ते जुलैत २२ झालं. काळी चारच्या साशी सासुद्धा जुळत नव्हता, सेकंदाला दोन हेलकावे येत होते. बाईंनी सगळा दोष गंधारावर घातला, कारण गंधार सगळ्यात जास्त बिघडलेला ऐकू येत होता. पण यातले ८ सेंट मी काढून देऊ शकत होतो. उरलेले १४ हा पियानोचा स्वभाव आहे.

आपल्याकडे या १४ सेंटांवरून शंभर वर्षांपूर्वी मोठी भांडणं झाली आहेत. साताऱ्याला न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांचा) हिशेब मांडून श्रुतींची खास पेटी घडवून घेतली. देवलांचा हिशेब १९१० मध्ये छापून आला आणि त्यासाठी त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली होती. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर वाद झाला. १९४० मध्ये रेडिओवर पेटीलाच बंदी आली, ती तीन दशकं टिकली. त्यामागे जी कारणं दिली जात त्यांत पेटीचे हे ठरावीक बारा स्वर एक होतं. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडे बावीस श्रुतींची पेटी केली, तीही याच ओढीतून. ज्या प्रांतात न्यायाधीशापासून डॉक्टरांपर्यंत लोकांनी या फरकासाठी आयुष्यातली वर्षं घातली, तिथल्या गायिकेला "तुम्हाला भास होतोय" म्हणणं मला अजिबात पटत नाही.

"मग माझ्या काळी चारला लावून द्या"

हा प्रश्न येणार हे उघड होतं, आणि तो रास्त होता. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. ट्यूनिंग हॅमर (तारांच्या पिना फिरवायची चावी) फिरवला की तार जिथे हवी तिथे जाते.

मी बाईंना म्हटलं, तसा लावलेला पियानो कसा वाजेल ते आत्ताच ऐकू या, पियानोची एकही पिन न फिरवता. नातीला हाक मारली. परीक्षेसाठी ती जे बसवत होती ते पांढरी एकवरून होतं. त्याचा उजव्या हाताचा भाग तिने आजीच्या पेटीवर वाजवायचा, भाता आजीने मारायचा.

पहिल्याच ओळीला नातीने हात उचलला. "काका, ही पट्टी बिघडलीय." ती पांढरी तीनकडे बोट दाखवत होती.

पट्टी बिघडलेली नव्हती. काळी चार सा धरला की पांढरी एक हा शुद्ध गंधार, म्हणून ती १४ सेंट खाली बसवलेली. पांढरी तीन हा कोमल धैवत, म्हणून ती १४ सेंट वर. पांढरी पाच हा निषाद, १२ सेंट खाली. त्यामुळे पांढरी एक आणि पांढरी पाच यांच्यात सुंदर, निखळ पंचमभाव. पण नातीच्या गतीचा गंधार, म्हणजे पांढरी एकपासून पांढरी तीन, ४२७ सेंटवर गेला. शुद्ध गंधारापेक्षा तो ४१ सेंट चढा. पियानोच्या ज्या गंधाराबद्दल तक्रार होती त्याच्या जवळजवळ तिप्पट.

बाईंनी तोच तुकडा पुन्हा वाजवायला लावला. मग स्वतः काळी चारवरून सा-ग-प धरला, मग पुन्हा पांढरी एकवरून. असं बराच वेळ चाललं. मी मध्ये बोललो नाही. ज्यांचा कान इतका तयार आहे त्यांना सेंटचे आकडे सांगून काही साधत नाही, आणि मी तोवर सांगितलेही नव्हते. शेवटी त्याच म्हणाल्या, "म्हणजे माझी पेटी फक्त माझी आहे. हिला बारा घरं हिंडायची आहेत."

परीक्षेच्या तुकड्यांत नात दोन काळ्या पट्ट्यांवरूनही वाजवत होती. पियानो एका साला बांधला असता तर तिचं एकही पान धड वाजलं नसतं. पियानो समान स्वरांतरांतच राहणार हे ठरलं, आणि ते मी ठरवलं नाही.

रियाजाबद्दल मी एवढं सुचवलं की विद्यार्थ्यांना पियानोवरून सा आणि पंचम खुशाल द्यावा. ग, ध, नी मात्र त्यावरून घोटवून घेऊ नयेत. त्यासाठी तंबोरा आहे.

ॲपचा लाल काटा

वरच्या सप्तकाचे स्क्रीनशॉट अजून शिल्लक होते. त्यांत जवळजवळ प्रत्येक स्वर चढा दाखवला होता. वरच्या टोकाच्या अलीकडचा, तिथून आठव्या पांढऱ्या पट्टीवरचा सा (इथे सा म्हणजे पांढरी एक), बारा-तेरा सेंट चढा. खालच्या मंद्र स्वरांचे स्क्रीनशॉटही होते, ते उतरे.

तारेचं शास्त्र पुस्तकात शिकवतात तेव्हा तार पूर्ण लवचीक मानतात. तिचं दुसरं उपस्वन बरोबर दुप्पट, तिसरं तिप्पट. पियानोची तार पोलादी, जाड आणि ताठर. तिचं दुसरं उपस्वन दुपटीपेक्षा किंचित वर येतं, पुढची आणखी वर. सप्तक जुळवताना कान वरच्या स्वराची सांगड खालच्या स्वराच्या या उपस्वनांशी घालतो. म्हणून बरोबर वाटणारं सप्तक गणिती दुपटीपेक्षा जरासं रुंद निघतं. असं सप्तकामागून सप्तक रुंदावत पियानोचं वरचं टोक वीस-तीस सेंट चढं आणि खालचं टोक तितकंच उतरं होतं. १९३८ मध्ये रेल्सबॅक या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने कानाने लावलेल्या पियानोंची मोजणी मांडली, तेव्हापासून हा वक्र त्याच्या नावाने ओळखला जातो. तारा जितक्या आखूड तितकं हे रुंदावणं जास्त, म्हणून मोठ्या ग्रँडपेक्षा चार फुटी अपराईटमध्ये ते अधिक. फुकटचं ॲप यातलं काही जाणत नाही. ते प्रत्येक स्वर कोऱ्या दुपटीच्या तक्त्याशी ताडतं. मंद्रात तर मोबाइलच्या छोट्या माइकला मूळ स्वर धड ऐकूच येत नाही, तो उपस्वनांवरून अंदाज बांधतो. पियानोसाठीचं व्यावसायिक सॉफ्टवेअर वेगळं असतं, ते त्या त्या वाद्याच्या तारांचा ताठरपणा आधी मोजून मग हिशेब देतं.

हे सगळं बाईंना मी सांगितलं नाही. त्या वरच्या साच्या तीन तारांपैकी दोन रबराने बंद केल्या, एक उघडी ठेवली, आणि बाईंच्याच मोबाइलवर काटा बरोबर मध्यावर, हिरव्यात येईपर्यंत ती उतरवली. मग खालचा सा आणि हा सा एकत्र वाजवले.

"उतरलाय," बाई ताबडतोब म्हणाल्या.

"ॲप हिरवं दाखवतंय."

"दाखवू दे. उतरलाय."

मग मी तार सावकाश वर घ्यायला सुरुवात केली, आणि त्यांना सांगितलं की जुळला की थांबवा. त्यांनी थांबवलं तिथे काटा पुन्हा लाल पट्ट्यात होता, स्क्रीनशॉटमध्ये होता जवळपास तिथेच. ॲपबद्दल त्यानंतर बोलावं लागलं नाही. ज्याचा कान तयार आहे त्याच्या हातात निर्णय दिला की यंत्राचा वाद आपोआप मिटतो. ज्याचा कान तयार नाही त्याच्याबाबतीत हाच प्रयोग मी थोडा वेगळा करतो. आधी मुद्दाम बरंच उतरवून दाखवतो, म्हणजे दिशा कळते, आणि मग हळूहळू जवळ आणतो. तो फरक बहुतेकांना ऐकू येतो.

टोचणारा आवाज

राहिली चौथी गोष्ट. पियानो एकटा असतानाही आवाज टोचतो, विशेषतः मधल्या दोन सप्तकांत. इथे सुराचा संबंध नव्हता. पट्टी दाबली की तारेवर आपटणाऱ्या हातोडीला हॅमर म्हणतात; हॅमरवरचं फेल्ट वर्षानुवर्षं तारांवर आपटून दबलं होतं, त्यावर तारांच्या खोल रेघा पडल्या होत्या. कडक फेल्टचा आघात वरची उपस्वनं जास्त उठवतो, आवाज धारदार होतो, आणि धारदार आवाज माणसाला त्याच कंपनसंख्येचा असूनही जरा चढा भासतो. "पियानो चढलाय" म्हणून बोलावलं जातं आणि प्रत्यक्षात हॅमर कडक झालेले निघतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. इथे चढलेला सूर आणि कडक हॅमर दोन्ही एकत्र आल्याने बाईंना ते वेगळं काढता येणं कठीणच होतं. मधल्या दोन सप्तकांचे हॅमर हलके घासून रेघा कमी केल्या आणि सुयांनी फेल्ट जरा मोकळं केलं. सुया फार टोचल्या तर आवाज बसतो आणि परत येत नाही, म्हणून हे काम थोडं करून, ऐकून, पुन्हा थोडं, असंच करावं लागतं.

काय ठरवलं

सूर कुठे ठेवायचा हा खरा अवघड निर्णय होता. भर पावसाळ्यात ४४० ला खेचून आणला तर पेटीशी सा जुळेल, पण उन्हाळ्यात तो ४३८ च्या आसपास जाईल आणि सगळा पियानो पुन्हा वर ओढावा लागेल. प्रत्येक ओढाओढीत तारा आणि पिना झिजतात, आणि मोठ्या बदलानंतर सूर टिकत नाही. ४४२ वर तसाच ठेवला तर पेटीशेजारी सा खटकत राहील. मी ४४१ वर ठेवला. सेकंदाला दोन हेलकाव्यांचा एक झाला, आणि ऋतूच्या दोन्ही टोकांना अंतर विभागलं गेलं. याहून चोख काही करायचं तर आधी हवा सांभाळायला हवी होती. त्यासाठी पियानो पावसाच्या भिंतीपासून आतल्या भिंतीला हलवला, आणि आर्द्रतेप्रमाणे आपोआप चालू-बंद होणारी हीटिंग रॉड आत बसवायची ठरलं. काही घरांत अजून पियानोच्या पोटात साधा बल्ब लावून ठेवतात. तो उन्हाळ्यातही जळत राहतो आणि लाकूड जरुरीपेक्षा वाळवतो, शिवाय आगीची भीती, म्हणून मी ते सुचवत नाही.

पैशाचंही स्पष्ट लिहितो, कारण नव्या ट्यूनरांना ते बोलायला जड जातं. लावल्यापासून दोन-तीन आठवड्यांत एखाद्या स्वराच्या तिन्ही तारा एकमेकींपासून सरकल्या तर ते माझं काम, त्याचे पैसे नाहीत. उन्हाळ्यात लावलेला पियानो पावसात चढला तर ते नवं काम. बाईंना हे आधी फोनवरच सांगितलं होतं. त्यांनी ट्यूनिंगचे आणि हॅमरचे पैसे दिले. पेटी, ॲप आणि ऐकण्या-ऐकवण्यात जो वेळ गेला त्याचे मी वेगळे लावले नाहीत. तो वेळ ट्यूनिंगचाच भाग मानतो. नुसता पियानो लावून निघालो असतो तर पेटीशेजारचा गंधार तितकाच चढा राहिला असता, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं असतं.

नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी होऊन स्थिरावल्यावर पुन्हा गेलो. रॉड बसली होती. मधला भाग थोडाच उतरला होता, त्यामुळे पूर्ण पियानो ४४० वर लावणं सोपं गेलं, आणि काळी चार पेटीच्या काळी चारशी जुळली. वरच्या सप्तकातली आपल्या आपण डुलणारी ती तार काढून नवी घातली. नवी तार सुरुवातीला ताणत राहते आणि सूर पुन्हा पुन्हा उतरतो, म्हणून तेवढ्या एका स्वरासाठी काही आठवड्यांनी जायचं आहे. त्याच वेळी वरच्या दोन सप्तकांचे हॅमरही करून टाकू असं बाईंशी बोलणं झालंय.